कुत्र्यांच्या वादात गिधाडं कुठे गेली?

2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये टाका असा आदेश दिला, मग अकरा दिवसांत मोठ्या खंडपीठाने तो बदलून नसबंदी आणि लस करून जिथून उचललं तिथेच सोडा म्हटलं, आणि तेव्हापासून आपल्याकडेही हा वाद जो पेटलाय तो विझायचं नाव घेत नाहीये. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तेच, टीव्हीवर तेच, तालुक्याच्या नगरपालिकेत पण तेच. एका बाजूला ज्यांच्या पोराला कुत्रं चावलंय, ज्यांच्या आईला पहाटे फिरायला जायची भीती वाटते ते लोक, दुसऱ्या बाजूला रोज संध्याकाळी पिशवीत भात आणि बिस्किटं घेऊन जाणारे, स्वतःच्या पगारातून कुत्र्यांची ऑपरेशनं करणारे लोक. दोघांचाही राग खरा आहे, दोघांना खोटं पाडायचा माझा अजिबात इरादा नाही. पण हा वाद फार चुकीच्या पद्धतीने चाललाय असं मला मनापासून वाटतं, कारण दोन्ही बाजू फक्त कुत्र्याकडे बघतायत. कुत्रं हवं की नको एवढंच. ते तिथे आलं कसं, जगतं कशावर, ते आज जे खातंय ते तीस वर्षांपूर्वी कोण खात होतं, हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं सरळ आहे, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे आणि माणसाचं आरोग्य दवाखान्याच्या दारात सुरू होत नसतं, ते गोठ्यात, खाटकाच्या दुकानामागे, गुरांच्या डॉक्टरच्या बॅगेत आणि मेलेल्या जनावराचं आपण काय करतो तिथे आधीच ठरलेलं असतं.

यासाठी गिधाडांची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, आणि ती आपल्याच देशात घडलेली असून आपल्यालाच धड माहीत नाही याचं मला फार वाईट वाटतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गिधाड हा काही दुर्मिळ पक्षी नव्हता, कोट्यवधींनी होती. गावाबाहेर ढोर टाकलं की बघता बघता आभाळातून उतरायची, मोठा थवा असला तर तासाभरात हाडं तेवढी उरायची. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं कडक असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू, अगदी अँथ्रॅक्ससारखे सुद्धा, तिथेच मरतात, म्हणजे रोग पुढे जायची वाट तिथे बंद होते. मग डायक्लोफिनॅकचं पेटंट संपलं आणि हे दुखण्यावरचं औषध गुरांसाठी स्वस्तात मिळायला लागलं. बैल लंगडतोय, गाईच्या कासेला सूज आलीय, अंग तापलंय, दे इंजेक्शन, जनावर उभं राहायचं. पण औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते जनावर मेलंच आणि गिधाडांनी ते खाल्लं तर त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या, आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचे पांढरे थर जमायचे. भरतपूरच्या अभयारण्यात बीएनएचएस या मुंबईच्या निसर्गसंस्थेचे विभू प्रकाश यांना झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडं दिसायला लागली, पण नेमकं कारण सापडायला 2004 उजाडलं, पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या टीमने ते शोधून काढलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी कमी झाली. हजारातलं एक उरलं.

यात मला सगळ्यात हादरवणारी गोष्ट ही वाटते की सगळ्या मेलेल्या जनावरांमध्ये हे औषध असायची गरजच नव्हती. शास्त्रज्ञांनी हिशोब केला तेव्हा निघालं की शंभरातल्या एखाद्या, किंवा त्याहूनही कमी, जनावरांच्या मढ्यात औषध असलं तरी एवढी पडझड होऊ शकते, कारण गिधाडं एकेकटी खात नाहीत, एका ढोरावर डझनांनी बसतात. आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात, त्यामुळे झालेला खड्डा भरून यायला पिढ्या जातात. यात वाईट वागलं कोण? शेतकऱ्याने आपल्या बैलाचं दुखणं कमी केलं, डॉक्टरने चांगलं औषध दिलं, कंपनीने कायद्याने परवानगी असलेलं औषध विकलं. प्रत्येकाने आपापलं काम बरोबर केलं, आणि गुराला दिलेलं औषध शेवटी कोणाच्या पोटात जातं हे बघायचं काम कोणाचंच नव्हतं. पशुसंवर्धन खात्याचं नव्हतं, वन खात्याचं नव्हतं आणि आरोग्य खात्याच्या तर हे गावीही नव्हतं.

आता, जनावरं मरायची काही थांबली नाहीत. 2019 च्या पशुगणनेत देशात गाई-म्हशी मिळून 30 कोटींच्या आसपास आहेत, त्यातली मेलेली कुठेतरी टाकली जाणारच. गिधाडं गेली, ताट मात्र भरलेलंच राहिलं, मग त्या ताटावर कुत्री आली, उंदीर आले. कुत्र्याच्या पोटाला गिधाडासारखं काम जमत नाही, ते अर्धवट खातं, मांस ओढत गावात आणतं, वर रेबीजही वाहून नेतं. 2024 मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांचा अभ्यास अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापून आला, त्यांनी गिधाडांना मानवणारे जिल्हे आणि न मानवणारे जिल्हे यांची आधीची-नंतरची आकडेवारी ताडून बघितली. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती तिथे ती गेल्यावर माणसांचा मृत्युदर 4 टक्क्यांहून जास्त वाढला, 2000 ते 2005 या काळात सुमारे 5 लाख जास्तीचे मृत्यू झाले. पाच लाख माणसं, एका पक्ष्याच्या नसण्याने! आणि एकाच्याही मृत्यूच्या दाखल्यावर तसं लिहिलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो अगदी रास्त आहे, की या काळात देशात बाकीही शंभर गोष्टी बदलल्या, मग दोष गिधाडांच्या नसण्यालाच का? बरोबर आहे, दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, आणि नेमका आकडा कमी-जास्त असू शकतो हे मी पण मानतो. पण म्हणूनच त्यांनी तुलना जिल्ह्या-जिल्ह्यात केली ना. आर्थिक उदारीकरण, मोबाईल, रस्ते हे सगळं दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांत आलं, फरक पडला तो जिथे गिधाडं होती आणि गेली तिथे, आणि शिवाय तिथे कुत्री वाढल्याच्या, रेबीजच्या लसीची विक्री वाढल्याच्या, पाणी खराब झाल्याच्या खुणाही सापडल्या. सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर अजून किती पुरावा हवाय?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोणी म्हणेल, हे सगळं खेड्यातलं झालं, आमच्या कोथरूडच्या गल्लीतलं कुत्रं काय मेलेली म्हैस खातं का? नाही खात. हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे, उद्या लाखभर गिधाडं परत आली तरी शहरातल्या गल्लीतलं एक कुत्रं कमी होणार नाही. पण शहरातलं कुत्रं तरी हवेवर जगत नाही ना. चिकन-मटणच्या दुकानांमागे टाकलेली आतडी आणि पाय, हॉटेलचं उरलेलं, लग्नाच्या हॉलमागचं ओलं, वेळेवर न उचललेला कचरा, त्याच्यावर ते जगतं. म्हणजे साखळी वेगळी, नियम तोच, अन्न पडून राहिलं की खाणारं कोणीतरी येणारच, आज कुत्रं उचललंत तर उद्या शेजारच्या वस्तीतलं येईल, नाहीतर घुशी येतील. 1994 ला सुरतेत प्लेगची साथ पसरली म्हणून लाखो लोक शहर सोडून पळाले होते. ज्या सुरतेची घाणीसाठी बदनामी होती तिचं नाव पुढे काही वर्षांतच देशातल्या स्वच्छ शहरांमध्ये घेतलं जायला लागलं. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी रोजचा कचरा रोज उचलला जातो की नाही हे अधिकाऱ्यांना स्वतः वस्तीत उभं राहून बघायला लावलं, गटारं साफ करायला लावली, अस्वच्छ हॉटेलांवर कारवाई केली. त्यातलं कुठलंच काम कागदोपत्री आरोग्य खात्याचं वाटत नाही, पण आजार कमी झाले ते त्याने.

आणि तिसरा आक्षेप, ज्याच्यापुढे मी खरंच मान खाली घालतो. ज्या बाईच्या चार वर्षांच्या पोराच्या चेहऱ्याला आज कुत्र्याने फाडलंय तिला जाऊन गिधाडं आणि परिसंस्था सांगायची का? 2024 मध्ये देशात कुत्रं चावल्याच्या 37 लाखांच्या वर नोंदी झाल्या. रेबीजने वर्षाला किती माणसं जातात याचे अंदाज पण वेगवेगळे आहेत, आयसीएमआरच्या अलीकडच्या पाहणीत सुमारे 5,700, तर डब्ल्यूएचओचा जुना अंदाज 18 ते 20 हजार, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तिला आज लागतं ते जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुणं (तिखट, चुना, हळद काहीही लावू नका, प्लीज), लस, आणि चाव्यातून रक्त आलं असेल तर सिरम (म्हणजे विषाणूला लगेच अडवणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), आणि ते सिरम जवळच्या सरकारी दवाखान्यात असणं, साठ किलोमीटरवर जिल्ह्याला नाही. याच्यात कुठलीही तडजोड नको. पण तिच्या पोराला उद्या परत चावू नये, चावलं तरी त्या दातात रेबीज असू नये, यासाठी काय करायचं? इथे गोव्याचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. गोवा सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून 2013-14 पासून गावोगाव जाळी घेऊन फिरत कुत्र्यांना लसी दिल्या, वर्षाला 70 टक्के कुत्री लसीखाली येतील हे बघितलं कारण तेवढी आली की विषाणूला पुढचं कुत्रं सापडत नाही, शाळेशाळेत जाऊन मुलांना शिकवलं, संशयित कुत्र्याची खबर द्यायला हेल्पलाइन ठेवली. कुत्र्यांमधला रेबीज 90 टक्क्यांहून जास्त घटला, माणसांचे मृत्यू शून्यावर आले आणि 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं. कुत्री रस्त्यावरच राहिली, कोणी मारली नाहीत, कोणी कोंडली नाहीत. माणसाचा जीव वाचवणारी सुई कुत्र्याला टोचली. चावणारी कुत्री अजून आहेतच तिथे, ती तक्रार गोव्यातले लोक करतात आणि ती खरीच आहे, पण चावण्याने माणूस मरणं मात्र थांबवता आलं.

आता जरा दुसऱ्या बाजूच्या लोकांशी बोलायचंय, जे मला जवळचे वाटतात आणि म्हणूनच त्यांच्याशी जास्त भांडावंसं वाटतं. "निसर्गात सगळ्याचा बॅलन्स असतो, माणसानेच तो बिघडवला, परत जुन्या पद्धतीकडे गेलो की सगळं ठीक होईल" असे फॉरवर्ड रोज येतात. निसर्गातल्या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत हे खरं, पण निसर्ग आपल्या भल्यासाठी गुंतलेला आहे असं कोणी सांगितलं? रेबीजचा विषाणू पण नैसर्गिकच आहे की. आणि जुनं गाव म्हणजे नुसती गिधाडं नव्हती. मेलेलं ढोर गोठ्यातून ओढून गावाबाहेर न्यायचं काम कोणावर लादलं होतं हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. 1927 च्या महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस खाणं सोडा असं आवाहन केलं, मेलेली गुरं ओढायची कामं पुढे लोकांनी गावोगाव नाकारली, त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला, आणि ते नाकारणं शंभर टक्के योग्य होतं. त्यामुळे गावाची साफसफाई गिधाडं फुकट करायची असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा त्या कामातला माणसांचा वाटा पण फुकटच, जबरदस्तीने घेतलेला होता हे विसरायचं नाही. मागे जायचा रस्ता नाहीये, आणि असता तरी जायला नको. मेलेल्या जनावराची विल्हेवाट हे आता ग्रामपंचायतीचं काम आहे, मशीन, गाडी, हातमोजे, नीट पगार देऊन करायचं काम, आणि ते होत नाही म्हणून ढोर ओढ्यात पडतं.

इतिहासात आपण ही चूक आधी पण भोगलीये. 1896 ला मुंबईत आणि मग 1897 ला पुण्यात प्लेग आला, तेव्हा सरकारने सगळं लक्ष माणसांवर लावलं. रँडच्या हाताखालचे सोल्जर घरात घुसून माणसं तपासत होते, कपडे-सामान जाळत होते, आजारी माणसाला फरफटत नेत होते. त्याच प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई गेल्या. त्या सगळ्या धामधुमीत रोगाचा खरा वाहक भिंतीच्या पोकळीत फिरत होता. गावाकडच्या लोकांना मात्र एक खूण नीट ठाऊक झाली होती, "उंदीर पडायला लागले" की घर सोडायचं, शेतात झोपड्या घालून राहायचं. त्यांना पिसू माहीत नव्हती, जंतू माहीत नव्हता, पण उंदराचं मरण आणि आपलं मरण एका धाग्यात आहे हे कळलं होतं. 1898 मध्ये पॉल-लुई सिमोंड यांनी कराचीत उंदराची पिसू रोग पसरवते हे दाखवून दिलं, तर त्यांच्यावर बरीच वर्षं कोणी विश्वास ठेवला नाही, प्लेग कमिशनने ते पक्कं करेपर्यंत पुढची सात-आठ वर्षं गेली. त्या वर्षांमध्ये किती लाख माणसं गेली! माणसालाच तपासत राहिलं की माणूसही वाचत नाही, हे पुण्याने स्वतःच्या अंगावर सोसलंय, मग आज कुत्र्यालाच पकडत राहून आपण वेगळं काय करतोय?

एक प्रश्न मात्र उरतो आणि तो मला स्वतःला पण छळतो. सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे म्हटलं की करायचं काय? हे म्हणणं म्हणजे हातावर हात ठेवून बसायची सोय होऊ शकते, कारण गुंता एवढा मोठा की कुठून धरायचं कळत नाही. पण गिधाडांचंच बघा, गुंता समजला तेव्हा हाताशी एक बारीकसा धागा लागला. पूर्ण शेती बदलायची गरज नव्हती, एक औषध बदलायचं होतं. 2006 मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, त्याच वेळी मेलॉक्सिकॅम हे दुखण्यावरचं दुसरं औषध गिधाडांना चालतं हेही सिद्ध झालं, म्हणजे बैलाचं दुखणं पण कमी होतं आणि पक्षी पण जगतो. मग लक्षात आलं की माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातायत, तर 2015 मध्ये माणसांसाठीची बाटली 3 मिलीच्या वर नको असा नियम झाला, कंपन्या कोर्टात गेल्या, मद्रास हायकोर्टाने 2017 मध्ये नियम कायम ठेवला. पुढे कळलं की असिक्लोफिनॅक हे त्याच जातीचं औषध गुरांच्या अंगात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं, म्हणून 2023 मध्ये ते आणि किटोप्रोफेन गुरांसाठी बंद केलं, नंतर निमेसुलाइड पण. हळू चाललंय, फार हळू, पण दिशा बरोबर आहे. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळ चिरगावला गावकरी आणि सिस्केप संस्था मिळून गिधाडांची घरटी जपतायत, गडचिरोलीत वन खात्याने गिधाडांसाठी औषधमुक्त मांस ठेवायच्या जागा केल्या. ही कामं आरोग्याच्या बातम्यांमध्ये कधीच येत नाहीत, पक्षीप्रेमाच्या पानावर छापून येतात.

आणि जिथे खाती एकमेकांशी बोलली तिथे फरक पडतो हे सिंधुदुर्गाने बघितलंय. 2016 च्या सुमारास दोडामार्ग भागात माकडताप आला. हा रोग 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला, गोचीड तो पसरवते, माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पडतात आणि काजूच्या बागेत बोंडं गोळा करणाऱ्या, पातेरा गोळा करणाऱ्या माणसाला चावतात. अशा वेळी डॉक्टर कितीही चांगला असो, त्याला पेशंट येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मेलेलं माकड दिसल्याची पहिली खबर आशाताईला किंवा फॉरेस्ट गार्डला मिळते, ती त्याच दिवशी आरोग्य केंद्रात पोचली, तेवढ्या भागात फवारणी झाली, बागेत जायच्या आधी लोकांच्या हातापायाला गोचिडीचं औषध लागलं, तर ताप येण्याआधीच अडवता येतो. मेलेल्या माकडाकडे बघून माणसाचा ताप ओळखायचा, हे तिथल्या लोकांना आता कोणी शिकवायला नको.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे आणि ती दोन्ही बाजूंच्या लोकांकडे आहे. नगरपालिकेत कुत्र्यांवरून मोर्चा न्यायचाच असेल तर चार आकडे मागा. आपल्या हद्दीत किती टक्के कुत्र्यांना या वर्षी लस दिली, 70 च्या वर की खाली. मटण-चिकनच्या किती दुकानांचा कचरा रोज वेगळा उचलला जातो. मेलेली गुरं कुठे जातात, गाडी आहे का, माणसांना पगार वेळेवर मिळतो का. आणि सरकारी दवाखान्यात आज सिरम किती आहे. ग्रामीण भागात असाल तर पाचवं विचारा, तालुक्यातल्या मेडिकलमध्ये गुरांसाठी बंद झालेली औषधं मिळतात का, शेवटचा छापा कधी पडला. हे आकडे पशुसंवर्धन, घनकचरा, औषध प्रशासन आणि आरोग्य अशा चार ठिकाणी पडलेले असतात, एका टेबलावर कधी येत नाहीत. ते दर तीन महिन्यांनी एकत्र, वॉर्डच्या फळ्यावर लावा असा ठराव करून घ्या, त्यावर कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी पण सही करावी आणि चावा बसलेल्यांच्या घरच्यांनी पण.